दुडकी म्हणजे रेवाल नव्हे: 'ग्रेहाउंड' घोड्याच्या कारकिर्दीवरून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की मराठी वृत्तपत्रांत घोड्यांवर भरभरून छापून येते. किमती येतात, रंग येतात, शुभ-अशुभ भोवरे येतात. घोडा ज्यावर तोलायचा त्या चालीची ओळख मात्र एका शब्दात उरकली जाते आणि तो शब्दही बहुधा चुकतो. 'दुडकी' आणि 'रेवाल' सर्रास एकाच अर्थाने वापरतात. या दोन चाली वेगळ्या आहेत. त्यातल्या दुडकीवर गेली दोनशे वर्षे जगभर एक स्वतंत्र खेळ उभा आहे, आणि त्या खेळात ग्रेहाउंड नावाच्या एका करड्या घोड्याने जे करून ठेवले ते आपल्याकडच्या घोडेवाल्यांपर्यंत पोचावे, यासाठी हे पत्र.

आधी चालीचा खुलासा. रेवालमध्ये एका बाजूचे मागचा आणि पुढचा पाय लागोपाठ पडतात. पाठ हलत नाही, स्वाराला धक्का बसत नाही. हातातला पेला हिंदकळत नाही असे तिचे कौतुक करतात ते म्हणूनच. दुडकीत पाय कोनाकोनाने पडतात: पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम. म्हणून टापांचे ठोके दोनच ऐकू येतात. दोन ठोक्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. हा क्षण डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्यावर पुष्कळ वाद झाले. १५ जून १८७८ रोजी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला मायब्रिज या छायाचित्रकाराने वार्ताहरांसमोर १२ कॅमेरे ओळीत लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तेव्हा पहिला धावला तो एब एजिंग्टन हा दुडकीचाच घोडा, मागे हलकी गाडी जोडलेला.

घोड्याला वेग हवा असला की तो आपसूक दुडकी सोडून चौखूर उधळतो. निसर्गाने त्याला तसेच घडवले आहे. दुडकीच्या शर्यतीत नेमकी हीच गोष्ट नियमाला मंजूर नाही. घोड्याने चाल मोडली की चालकाने त्याला ताबडतोब बाजूला घ्यायचे, लगाम आवळून पुन्हा दुडकीत आणायचे, आणि तेवढ्या वेळात एक हातही पुढे सरकायचे नाही. चाल मोडलेल्या अवस्थेत रेषा ओलांडली तर मागचा क्रमांक मिळतो. युरोपात तर बहुतेक वेळा थेट बाद करतात. म्हणजे घोडा आपल्या चालीच्या शेवटच्या टोकावर पळवायचा, पण ते टोक ओलांडू द्यायचे नाही. चाबकाने जिंकायची ही शर्यत नव्हे. घाबरलेला, दुखावलेला किंवा दमलेला घोडा पहिल्यांदा चालच मोडतो.

काही घोडे चाल मोडत नाहीत, याला रक्ताचाही आधार असतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की डीएमआरटी-३ या एका जनुकातला बदल घोड्याला वेगातही दुडकी किंवा रेवालसारख्या चाली धरून ठेवायला मदत करतो. दुडकीच्या शर्यतीसाठी तयार झालेल्या जातींत हा बदल मोठ्या प्रमाणावर आढळतो. अमेरिकेत ही जात 'स्टँडर्डब्रेड' म्हणून ओळखली जाते. नावाचे मूळही कामातच आहे. १८७९ मध्ये नोंदवहीत नाव घालायला एक मैल २ मिनिटे ३० सेकंदांत दुडकीने तोडणे हे प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, ठरले. या जातीचा मूळपुरुष हॅम्ब्लटोनियन १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मला. विल्यम रिस्डिक नावाच्या एका शेतगड्याने तो शिंगरू असताना त्याच्या लंगड्या आईसकट १२५ डॉलरला घेतला होता. पुढे त्याला १,३३१ शिंगरे झाली.

ग्रेहाउंडचा जन्म १९३२ चा, केंटकीतल्या आल्माहर्स्ट फार्मवरचा. बाप गाय ॲबी, आई एलिझाबेथ, आईचा बाप पीटर द ग्रेट. रक्त उत्तम होते, पण शिंगरू अंगाने लांबट, हाडापेराने मोठे आणि बेढब वाटणारे. वर्षाच्या आतबाहेर त्याला खच्ची करण्यात आले. १९३३ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात ते अवघ्या ९०० डॉलरला गेले. घेणारे होते इलिनॉयमधल्या सेंट चार्ल्स गावचे कर्नल ई. जे. बेकर. मंदीचे दिवस होते, त्यात खच्ची घोडा म्हणजे पुढे वंशाचे उत्पन्न शून्य. किंमत पडायला एवढे पुरेसे होते.

खच्ची करण्याबद्दल आपल्याकडे अजून नाके मुरडतात, म्हणून दोन शब्द. मोठ्या हाडाच्या, वाढत्या घोड्याचे अंग वळूपणी मानेत आणि खांद्यात भरते. पुढचा भार वाढतो आणि तो पुढच्या दोन पायांवर येतो. खच्ची घोडा हलका राहतो, त्याचे लक्ष माद्यांकडे जात नाही, आणि कामाची वर्षे वाढतात. शस्त्रक्रिया पशुवैद्यकाने भूल देऊन, थंड आणि माशा कमी असलेल्या दिवसांत करावी. धनुर्वाताची लस आधी दिलेली असावी. पहिल्या दिवशी घोडा तबेल्यात शांत ठेवावा, पण दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज चालवावे. नुसता बांधून ठेवला की सूज उतरत नाही आणि जखमेत पाणी साचते. ग्रेहाउंडच्या आधीचा विक्रमवीर पीटर मॅनिंग हाही खच्चीच होता. दोघांनाही संतती नाही, दोघांचीही नावे मात्र अजून घेतात.

घोडा सेप पालिन या शिक्षक-चालकाच्या हाती गेला. त्या काळापासून आजपर्यंत या खेळातली शिकवणीची पद्धत फारशी बदललेली नाही. ती सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

शिंगरू साधारण दीड वर्षाचे झाले की पावसाळ्यानंतर, आपल्या दिवाळीच्या सुमारास, काम सुरू होते. पहिले काही दिवस फक्त म्होरकी, तोंडात कडी, पाठीवर पट्टा आणि शेपटीखालची दुमची यांची सवय. दुमचीला शिंगरू हमखास बिचकते, म्हणून ती आधी तेल लावून मऊ करतात. मग मागून दोन लांब लगाम धरून माणूस पायी चालतो आणि वळणे, थांबणे, उभे राहणे शिकवतो. गाडी त्यानंतर. पहिली गाडी शर्यतीची नसते. ती जड, लांब दांड्यांची असते, म्हणजे मागचे खूर चाकाला किंवा माणसाला लागत नाहीत. लाथ झाडणाऱ्यासाठी ढुंगणावरून एक पट्टा दोन्ही दांड्यांना बांधतात. त्याने पाठ वर उचलता येत नाही आणि लाथ निघतच नाही. मार देण्याची वेळच येत नाही.

नंतरचे दोन-तीन महिने रोज ५ ते ८ किलोमीटर मंद दुडकी. ही फेरी धावपट्टीवर उलट्या दिशेने करतात. शर्यत डावीकडे वळत होते, म्हणून सराव उजवीकडे वळत. एक तर डाव्या पायांवर सततचा ताण येत नाही. दुसरे, घोड्याला कळते की तोंड सुलट फिरवले म्हणजे आता काम आहे, उलट असेल तर नुसते फिरणे आहे. घोडा उगाच तापत नाही.

वेग त्यानंतर, आणि तोही घड्याळ लावून. थंडीत पहिला मैल ३ मिनिटांत. मैल म्हणजे १,६०९ मीटर. मग आठवड्याला चार-पाच सेकंद कमी करत वसंतापर्यंत अडीच मिनिटे, पुढे सव्वादोन. आठवड्यात दोनच दिवस घड्याळाचे, एक दिवस विश्रांती, बाकी दिवस मंद फेरी. घड्याळाच्या दिवशीही एकच मैल जोरात नाही. दोन किंवा तीन फेऱ्या, मध्ये अर्धा-पाऊण तास, प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा जलद, आणि जोर फक्त शेवटच्या पाव मैलात. घोड्याचा दम महिन्याभरात वाढतो. हाड आणि शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तयार व्हायला वर्ष लागते. दम आला म्हणून कोवळ्या पायांवर वेग लादला की पुढच्या पायाच्या नळीवर आतून गाठ येते, किंवा मागची शीर भरते. शीर एकदा फाटली की पाच-सहा महिने गेले, आणि ती पूर्वीसारखी होईलच असे नाही.

खुराकाचाही याच्याशी थेट संबंध आहे. साडेचारशे किलोच्या कामाच्या घोड्याला ७ किलोच्या आसपास चांगले वाळलेले गवत आणि ५ ते ६ किलो ओट, तीन-चार वेळांत विभागून, शिवाय रोज ५० ग्रॅमच्या आसपास मीठ. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणायचा. हे विसरले की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच-दहा मिनिटांत घोडा अडखळतो, घामाघूम होतो, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. असा घोडा अडला म्हणून हाकू नये. तिथेच थांबवावा, गाडी सोडावी, पाठीवर झूल घालावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे. चालवत घरी नेला तर स्नायू आणखी फाटतात आणि मूत्रपिंडावर बेतते.

आता नाल. दुडकीचा घोडा नालबंदाच्या हातून घडतो किंवा बिघडतो. ग्रेहाउंड उंचीला १६ हातांहून थोडा जास्त होता. घोड्याचा हात ४ इंचांचा, म्हणजे साधारण १६५ सेंटिमीटर. पूर्ण वेगात त्याची टाप, म्हणजे एका खुराची एका ठिकाणापासून पुन्हा टेकेपर्यंतची ढांग, सुमारे २७ फूट पडे असे सांगतात. या हिशेबाने एका मैलात प्रत्येक खूर १९५ वेळा उचलला जातो. खुरावर ५० ग्रॅम वजन जास्त असले, तर एका मैलात तो एक पाय सुमारे १० किलो जास्तीचे ओझे उचलतो, आणि तेही पायाच्या सर्वांत लांबच्या टोकाला. म्हणूनच शर्यतीच्या नालेचे वजन तोळ्या-मासाच्या काट्याने पाहतात. पुढच्या पायांची नाल पावणेदोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम, मागची त्याहून हलकी. पूर्वी घोड्याचे पुढचे पाय नीट उचलले जावेत म्हणून खुराच्या टोकाला पितळेची छोटी वजने बसवत. चाल जमली की ती हळूहळू उतरवत आणत.

पुढच्या खुराचा जमिनीशी कोन ५० अंशांच्या आसपास आणि टोकाची लांबी ८ ते ९ सेंटिमीटर. हे दोन आकडे दर चार ते सहा आठवड्यांनी, प्रत्येक नालबंदीला मोजायचे असतात. टोक लांब वाढू दिले की पाय जमिनीवरून सुटायला उशीर करतो. दुडकीत मागचा पाय पुढच्याच्या बाजूला, थोडा बाहेरून येतो. पुढचा खूर वेळेत सुटला नाही तर मागच्या पायाचा घोटा किंवा खुराचा काठ त्याच्यावर आपटतो. एकदा लागले की घोडा पुढच्या वेळी पाय आखडतो, आणि आखडला की चाल मोडते. पाहणाऱ्याला वाटते घोडा नाठाळ आहे.

नक्की कुठे लागते हे शोधायची एक सोपी युक्ती या धंद्यात आहे. पुढच्या नालेच्या टोकाला ओला खडू किंवा ओठांचा लाल रंग फासायचा, घोडा एक फेरी वेगात काढायचा आणि थांबवून मागचे पाय खालपासून वरपर्यंत बघायचे. लाल ठिपका जिथे उमटला तिथे मार बसतो. ठिपका खुराच्या काठावर असेल तर पुढच्या खुराचे टोक थोडे कमी करून नालेची पुढची कड गोल घासतात, म्हणजे पाय लवकर सुटतो. ठिपका वर नळीवर असेल तर तेवढ्यावर भागत नाही, वजन आणि कोन दोन्ही पाहावे लागतात. तोवर नळीला, गुडघ्याला आणि खुराला नमद्याचे किंवा रबराचे मोजे चढवतात. एका वेळी एकच बदल करायचा, हा यातला नियम. कोन, वजन आणि लगाम एकाच दिवशी बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

गाडीकडेही पाहू. या शर्यतीच्या दुचाकी गाडीला सल्की म्हणतात. १८९२ पर्यंत तिची चाके उंच, लाकडी असत. त्या वर्षी सायकलची छोटी, हवा भरलेली चाके आली आणि नॅन्सी हँक्स या घोडीने मैलाचा विक्रम २ मिनिटे ४ सेकंदांवर आणला. घोडी तीच, चाके बदलली. ग्रेहाउंडच्या काळी सल्कीचा सांगाडा हिकरी या चिवट लाकडाचा असे. डोक्यावरून कपाळ-कानांमधून एक पट्टा पाठीच्या आकड्याला अडकवतात, त्याने मान खाली जात नाही. मान खाली गेली की घोड्याला उधळायला जोर मिळतो. पण हा पट्टा बोटभर जरी जास्त आखडला तरी घोडा श्वास पुरा घेत नाही आणि लगामाशी झगडत बसतो. पट्टा किती ढिला चालतो, ते घोड्यागणिक पाहायचे असते.

१९३५ मध्ये तीन वर्षांच्या ग्रेहाउंडने न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावी हॅम्ब्लटोनियन ही तीन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मानाची शर्यत जिंकली. ही १९२६ पासून चालू आहे. त्या वेळी ती फेऱ्यांची होती: दोन फेऱ्या जिंकेल तो विजेता, एकाच दुपारी, मध्ये थोडी विश्रांती. ग्रेहाउंडने पहिल्या दोन्ही मारल्या, २ मिनिटे २¼ सेकंद आणि २ मिनिटे २¾ सेकंद. अर्ध्या सेकंदाचा फरक. पहिल्या फेरीत सगळे ओतून दुसरीत पडणारे घोडे पुष्कळ असतात. दुसऱ्या फेरीत तेवढेच काढणारा घोडा म्हणजे सराव बरोबर झाला होता.

आणि तेव्हा सुरुवातच किती कठीण असे! आज मोटारीला जोडलेले पंखासारखे फाटक घोड्यांच्या पुढे धावते आणि वेग आल्यावर बाजूला होते. ते आले १९४६ मध्ये. त्याआधी सगळे घोडे दुडकीतच मागून एका ओळीत येत, ओळ वाकडी झाली की पंच घंटा वाजवून सगळ्यांना परत बोलावी. पुन्हा फिरा, पुन्हा या. कधी कधी असे दहा-दहा वेळा. तापट घोडे शर्यत सुरू होण्याआधीच संपत. ग्रेहाउंड खच्ची होता आणि शांत होता, त्याचा फायदा इथेही झाला असणार असे वाटते.

पुढच्या दोन वर्षांत त्याच्यासमोर उभे राहायला घोडे मिळेनासे झाले. आयुष्यात तो ८२ फेऱ्या धावला, त्यांतल्या ७१ जिंकला. प्रतिस्पर्धी उरले नाहीत, तेव्हा राहिले घड्याळ. दुडकीचा पहिला २ मिनिटांचा मैल लू डिलन या घोडीने १९०३ मध्ये तोडला. उहलानने १९१२ मध्ये १ मिनिट ५८ सेकंद केले, पीटर मॅनिंगने १९२२ मध्ये १ मिनिट ५६¾. ग्रेहाउंडने लेक्सिंग्टनच्या 'रेड माइल' या तांबड्या चिकणमातीच्या धावपट्टीवर १९३७ मध्ये १ मिनिट ५६ आणि २९ सप्टेंबर १९३८ रोजी १ मिनिट ५५¼ सेकंद वेळ दिली. सव्वापंचावन्न! ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेग, तोही दुडकीत, एकदाही चाल न मोडता.

अशा धावेत घोडा एकटा नसतो. सोबतीला थरोब्रेड, म्हणजे चौखूर शर्यतीच्या जातीचे, घोडे चौखूर धावतात, म्हणजे त्याला शर्यतीचा भास होतो. विचार करा: शेजारी घोडे चौखूर उधळलेले, त्यांच्या टापांचा आवाज कानात, आणि याने मात्र आपली दुडकी सोडायची नाही. घोड्याची खरी परीक्षा तिथे आहे. हा विक्रम ३१ वर्षे टिकला. १९६९ मध्ये नेवेल प्राइडने १ मिनिट ५४.८ सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. १९०३ ते १९३८ या ३५ वर्षांत वेळ पावणेपाच सेकंदांनी खाली आली होती. पुढच्या ३१ वर्षांत ती अर्ध्या सेकंदानेही उतरली नाही.

आणखी दोन धावा सांगायला हव्यात, कारण त्या वेगापेक्षा शिकवणीच्या आहेत. १९३९ मध्ये ग्रेहाउंडला रोझलिंड या घोडीबरोबर एकाच गाडीला जोडले आणि जोडीने मैल १ मिनिट ५८¼ सेकंदांत तोडला. रोझलिंड १९३६ ची हॅम्ब्लटोनियन विजेती. दोन वेगळ्या ढांगेचे घोडे एका लयीत आणणे हे आपल्या बैलजोडीवाल्यांना सांगायला नको. एक जरी पुढे ओढू लागला की दुसऱ्याची चाल गेली. १९४० मध्ये फ्रान्सिस डॉज यांनी त्याच्या पाठीवर खोगीर घालून मैल २ मिनिटे १¾ सेकंदांत काढला. आयुष्यभर गाडी ओढलेल्या घोड्याला पाठीवरचा भार तोलून तीच चाल ठेवायची होती. हा विक्रमही कित्येक दशके टिकला.

त्याच वर्षी त्याला निवृत्त केले. शर्यतींतली त्याची सगळी कमाई ४० हजार डॉलरच्या आतली. खच्ची, म्हणजे पैदाशीचा पैसाही नाही. तरीही मालकाने त्याला विकला नाही. इलिनॉयमध्ये त्याच्यासाठी खास तबेला होता, लोक त्याला पाहायला येत. तो १९६५ पर्यंत जगला, ३३ वर्षे. घोड्याच्या हिशेबात हे फार मोठे वय. शर्यतीचा घोडा कामातून काढताना एकदम बांधून ठेवू नये, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. काम दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि दाणाही त्याच प्रमाणात. पायांतली नाल काढून खूर गोल घासावेत, दिवसभर मोकळा सोडावा. विशीनंतर दर वर्षी दात घासून घ्यावेत. दाढांना धारा आल्या की घोडा दाणा अर्धवट चावून टाकतो आणि खाऊनही वाळत जातो. म्हातारपण म्हणून सोडून दिलेले कित्येक घोडे खरे तर दातांनी उपाशी असतात.

आता आपल्याकडचे. दक्षिण महाराष्ट्रात घोडागाडीच्या शर्यती होतात. कष्टाने, कर्ज काढूनही घोडा सांभाळणारी माणसे त्यांत आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण या शर्यती पुष्कळदा डांबरी रस्त्यावर होतात, बाजूने मोटारसायकली ओरडत जातात, आणि घोडा दुडकीत आहे की उधळला आहे याला अनेक ठिकाणी महत्त्वच नसते. लोखंडी नाल डांबरावर घसरते. प्रत्येक ठोक्याचा हादरा सरळ खुरात आणि घोट्यात जातो. खुराच्या भिंतीला चिरा पडतात, घोट्याभोवती हाड वाढते, आणि सहा-सात वर्षांचा घोडा कायमचा लंगडा होऊन बाजारात येतो. ग्रेहाउंड आठव्या वर्षी विक्रम करत होता.

यावर उपाय खर्चिक नाहीत. शर्यत मातीवर घ्यावी. माती आधी नांगरून, पाणी मारून, रोळा फिरवून दोन बोटे मऊ ठेवावी. 'चाल मोडली तर मागे' हा एक नियम लावावा आणि तो पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाली ओळखणारे दोन जाणते पंच उभे करावेत. हा नियम लागला की चाबूक आपोआप खाली येतो, कारण मारलेला घोडा उधळतो आणि उधळलेला घोडा हरतो. चार वर्षांखालचा घोडा लांब पल्ल्याला उतरवू नये. शर्यतीआधी आणि नंतर पशुवैद्यकाने चारही पाय हाताने चाचपून पाहावेत. सूज डोळ्याला दिसायच्या आधी हाताला गरम लागते.

आपल्याकडे एवढीच विनंती. घोड्यांच्या बातमीत चालीचे नाव लिहाल तेव्हा ते जाणत्या मोतद्दाराला किंवा नालबंदाला विचारून लिहावे. आणि शर्यतीची बातमी असेल तर बक्षिसाच्या रकमेच्या बरोबरीने पल्ला किती, जमीन कसली, वेळ किती आणि घोड्याने चाल मोडली की नाही, हे चार तपशील छापावेत.

आपला,
घोड्यांच्या कामातला एक वाचक